रिचार्ज लवकर संपतो, खर्च वाढतच जातो: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

"आत्ताच तर मारलं होतं की रिचार्ज, एवढ्यात कसं संपलं?" परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात रिचार्ज, सिम आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवताना हा प्रश्न रोज कानावर पडतो. विचारणारा कधी मोंढ्यात सोयाबीन घालून आलेला शेतकरी असतो, कधी लातूरला मुलाला क्लास लावलेली आई असते, कधी निराधार योजनेच्या पगारावर घर भागवणारी आजी. त्या आजीच्या दीड हजारातले तीनशे रुपये मोबाइलला जात असतील, तर हा विषय किरकोळ नाही. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

माझा अनुभव असा की "पैसे लवकर संपतात" या एकाच तक्रारीमागे वेगवेगळी कारणं असतात. कधी प्लॅनची किंमत वाढलेली असते, कधी किंमत तीच राहून दिवस कमी झालेले असतात, कधी जुना प्लॅन यादीतून गेलेला असतो. कधी घेतलेला प्लॅनच त्या माणसाच्या वापराचा नसतो, तर कधी नकळत चालू झालेली एखादी सेवा पैसे खात असते. प्रत्येकाचा उपाय वेगळा. कारण न शोधता सिम बदललं, तर तीच तक्रार दोन महिन्यांनी नव्या कंपनीच्या नावानं परत येते.

आधी एवढं तपासा

शेवटचा रिचार्ज किती रुपयांचा, कोणत्या तारखेला आणि किती दिवसांचा, या तीन गोष्टी कागदावर लिहा. स्मार्टफोनमध्ये कंपनीच्या ॲपवर हे दिसतं. बटणाच्या फोनवर रिचार्जनंतर आलेला मेसेज उघडा. तो मेसेज पुसू नका, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा आहे. मेसेज सापडत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावून विचारा, किंवा जिथून रिचार्ज केला त्या दुकानदाराला त्याच्या ॲपमधली नोंद दाखवायला सांगा. ती नोंद असतेच.

आता रकमेला दिवसांनी भागा. एका दिवसाला काय पडलं, तेच खरं भाडं. हा एक आकडा काढला की अर्धा घोळ मिटतो, कारण कंपनीच्या जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो.

दर खरंच वाढलेत का?

वाढलेत, आणि चांगलेच. जिओचा ८४ दिवसांचा, रोज दीड जीबीचा प्लॅन आमच्याकडे खूप चालायचा, म्हणून तोच घेतो. २०१९ च्या डिसेंबरपर्यंत तो ३९९ रुपयांना होता. त्या महिन्यात ५५५ झाला, २०२१ च्या डिसेंबरमध्ये ६६६ आणि ३ जुलै २०२४ पासून ७९९. दिवसाचा हिशोब मांडला तर ४ रुपये ७५ पैशांवरून ९ रुपये ५१ पैसे. म्हणजे पाच वर्षांच्या आत बरोबर दुप्पट. एअरटेल आणि व्हीआयनं २०२१ ला आणि २०२४ ला मागेपुढे काही दिवसांत दर वाढवलेच, त्यामुळे या तीन कंपन्यांतच अदलाबदल करून या वाढीतून कोणाची सुटका झालेली नाही.

अनेक जण विचारतात, सरकार हे चालू कसं देतं? ट्राय ही नियामक संस्था मोबाइलचे दर ठरवून देत नाही. दर कंपनीनं ठरवायचे आणि ट्रायला कळवायचे, अशी रीत आहे. त्यामुळे निव्वळ "दर वाढवले" एवढ्यावर तक्रार टिकत नाही. मात्र तुम्ही पैसे भरून घेतलेला प्लॅन त्याच्या मुदतीत कंपनीला तुमच्या तोट्याचा करता येत नाही. ८४ दिवसांचे पैसे भरले आणि पंधराव्या दिवशी दर वाढले, तर उरलेले ६९ दिवस ठरल्याप्रमाणेच मिळाले पाहिजेत. तसं झालं नाही तर ती पक्की तक्रार आहे.

यातूनच एक उपयोगाची गोष्ट निघते. दरवाढ जाहीर होते आणि लागू होते, यात थोडे दिवस जातात. २०२४ ला जिओनं २७ जूनला आणि एअरटेलनं २८ जूनला घोषणा केली, नवे दर ३ जुलैपासून आले. त्या मधल्या दिवसांत ज्यांनी जुन्या दरानं मोठ्या मुदतीचा रिचार्ज केला, त्यांचा तो आधीच्या प्लॅनमागे रांगेत लागला आणि जुन्याच दरात चालला. पुढच्या वेळी बातमी आली की हे करा. फक्त आधी विचारून घ्या की नवा प्लॅन रांगेत लागणार की लगेच सुरू होणार. लगेच सुरू होत असेल तर जुन्याचे उरलेले दिवस पाण्यात जातील.

महिन्याचा रिचार्ज महिना पुरत नाही

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिचं कारण सर्वांत सोपं आहे. प्लॅन २८ दिवसांचा असतो. पगार महिन्यानं होतो, दूध डेअरीचा हिशोब दहा-पंधरा दिवसांनी होतो, पण २८ दिवसांचं चक्र आपल्या घरातल्या कोणत्याच हिशोबाशी जुळत नाही. वर्षात बारा महिने आणि रिचार्ज मात्र तेरा. २९९ चा प्लॅन तेरा वेळा म्हणजे ३,८८७ रुपये. लोक मनात बारानं गुणून ३,५८८ धरतात आणि वरचे तीनशे कुठे गेले ते कळत नाही.

ग्राहकांच्या अशाच तक्रारींवरून ट्रायनं २७ जानेवारी २०२२ ला आदेश काढला. प्रत्येक कंपनीनं निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक प्लॅन दर महिन्याला त्याच तारखेला नवा करता येईल असा ठेवलाच पाहिजे. म्हणजे ५ तारखेला मारला तर पुढच्या ५ तारखेपर्यंत. हे प्लॅन आहेत, पण यादीत खाली असतात आणि मागितल्याशिवाय दुकानदार सांगत नाही. मागा. त्यातही दिवसाचा दर काढून बघा, कारण तारीख सोयीची असली तरी प्लॅन स्वस्त पडेलच असं नाही.

लांब मुदतीचा प्लॅन बहुतेक वेळा स्वस्त पडतो. २९९ ला २८ दिवस म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे, आणि तोच रोजचा दीड जीबी ७९९ ला ८४ दिवस म्हणजे ९ रुपये ५१ पैसे. वर्षाला सव्वाचारशे रुपयांचा फरक. पण एकदम आठशे काढणं हेच अवघड असतं, हे मला रोज दिसतं. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला महाग प्लॅन घ्यावा लागतो तो याच कारणानं. माल विकून हातात पैसा आला की घरातल्या निदान एका नंबरचा लांबचा रिचार्ज उरकून घ्या, असं मी ओळखीच्यांना सांगतो.

एक सावधगिरी. "वर्षाचा मारा" म्हटलं की ३३६ दिवसांचाही मिळू शकतो आणि ३६५ चाही. ३३६ म्हणजे २८ दिवस गुणिले बारा. वर्षाला २९ दिवस कमी. दोन्ही प्लॅनना बोलताना वर्षाचाच म्हणतात.

रक्कम तीच, पण आतलं कमी

ही वाढ पकडणं सर्वांत अवघड, कारण पावतीवर काहीच बदललेलं नसतं. दुधाचा भाव तोच ठेवून माप लहान केल्यासारखं.

जिओचं १९ रुपयांचं १ जीबीचं आणि २९ रुपयांचं २ जीबीचं डेटा व्हाउचर घ्या. आधी ते मूळ प्लॅन संपेपर्यंत चालायचं. आज थोडं वापरलं, उरलेलं आठ दिवसांनी वापरलं, तरी चालायचं. २०२५ च्या सुरुवातीपासून १९ चं एका दिवसाचं आणि २९ चं दोन दिवसांचं झालं. एक रुपयाही वाढला नाही, पण जे महिनाभर पुरवून वापरत होते त्यांचा खर्च कितीतरी पट झाला. बीएसएनएलच्या १०७ रुपयांच्या प्लॅनमध्येही असंच झालं. रक्कम तशीच राहिली आणि ३५ दिवसांचे २८ झाले.

दुसरा प्रकार म्हणजे खालचा प्लॅनच काढून टाकणं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रोज १ जीबीचा २४९ रुपयांचा प्लॅन जिओच्या ऑनलाइन यादीतून गेला, एअरटेलनंही आपला २४९ चा बंद केला. कोणत्याही प्लॅनची किंमत वाढली नाही, तरी ज्याला १ जीबी पुरत होता त्याला वरच्या पायरीवर चढावं लागलं.

यावर उपाय एकच. "मागच्या वेळचाच मारा" असं कधीही म्हणू नका. दुकानदाराला आधी विचारा, याला दिवस किती, रोजचा डेटा किती, आणि याच्या खाली कोणता आहे? ट्रायच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांचे दर एका जागी बघायची सोय आहे. तिथे परिमंडळ (म्हणजे सर्कल) निवडताना महाराष्ट्र निवडा. मुंबईचं परिमंडळ वेगळं आहे, मराठवाड्यातले आठही जिल्हे महाराष्ट्र आणि गोवा परिमंडळात येतात. मुंबईच्या पाहुण्यानं सांगितलेला प्लॅन इथे सापडत नाही, तो कधीकधी यामुळे.

दुपारपर्यंत नेट संपतं आणि रोज व्हाउचर लागतं

रोजचा कोटा रात्री बारा वाजता नव्यानं सुरू होतो. कालचा उरलेला बहुतेक प्लॅनमध्ये पुढे येत नाही. कोटा संपला की वेग इतका कमी होतो की मेसेज जेमतेम जातो, आणि मग मुलगा व्हाउचर मारायला पळत येतो.

इथे महिन्याची व्हाउचरं मोजा. २८ दिवसांत रोज दीड जीबीचा प्लॅन २९९ ला आणि रोज २ जीबीचा ३४९ ला असेल, तर फरक ५० रुपयांचा. १९ ची तीन व्हाउचरं मारली की ५७ झाले. म्हणजे महिन्याला तीन वा जास्त लागत असतील तर वरचा प्लॅन घ्या, दोनच लागत असतील तर आहे तोच ठीक. क्लासच्या व्हिडिओवर अभ्यास करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मी हेच गणित करून दाखवतो.

त्याआधी फोनमधली गळती बंद करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. ॲपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपनं किती डेटा खाल्ला याची यादी असते, तिच्यातली वरची तीन नावं बघा. गावाकडच्या फोनवर बहुतेक वेळा तिथे छोट्या व्हिडिओंचं एखादं ॲप निघतं.

अमर्याद फाइव्हजीच्या नावाखाली महाग प्लॅन घेण्याआधी दोन गोष्टी बघा. फोन फाइव्हजीचा आहे का, आणि तुमच्या घरात-शेतात फाइव्हजीचा सिग्नल येतो का? नांदेड, संभाजीनगरात तो मिळेल, पण डोंगरकड्याच्या वाडीवर फोन फोरजीवरच राहणार असेल, तर वरचे पैसे कशाचे? फोरजीवर असताना रोजचा कोटाच कापला जातो.

फक्त बोलायचं आहे, त्याला नेटचे पैसे कशाला?

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पैसे सर्वांत जास्त वाया जातात आणि ज्यांचे जातात ते सर्वांत गरीब असतात.

बटणाचा फोन वापरणाऱ्या आजीला वर्षानुवर्षं डेटाचा प्लॅन मारला जातो. बहुतेकांपुढे दुसरा पर्यायच नव्हता. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं नियम बदलला. प्रत्येक कंपनीनं फक्त कॉल आणि मेसेजचं वेगळं व्हाउचर द्यायलाच हवं, आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. २०२५ च्या जानेवारीत ते बाजारात आले. तेव्हाचे दर असे: जिओ ४४८ ला ८४ दिवस आणि १,७४८ ला ३३६ दिवस, एअरटेल ४६९ ला ८४ दिवस आणि १,८४९ ला ३६५ दिवस. बोलणं अमर्याद, नेट अजिबात नाही. एअरटेलचा वर्षाचा प्लॅन दिवसाला ५ रुपये ७ पैशांना पडतो. त्याच कंपनीचा २८ दिवसांचा, एकूण २ जीबीचा प्लॅन १९९ ला होता, तो तेरा वेळा मारला तर २,५८७ होतात. वर्षाला ७३८ रुपये वाचतात. ज्या घरात सासू-सासरे दोघांकडे बटणाचे फोन आहेत, तिथे दीड हजार झाले की.

दुकानदारानं स्वतःहून हा प्लॅन सांगावा असं मला मनापासून वाटतं. तो सांगत नसेल तर "फक्त कॉलचा, बिननेटचा" असं स्पष्ट म्हणा.

फक्त कॉलचा प्लॅन पुरेल असं दुसरं ठिकाण म्हणजे विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर. आमच्याकडे शेतीची लाइन कधी दिवसा तर कधी रात्री येते, म्हणून मोटारीच्या पेटीत सिम घातलेला स्टार्टर बसवतात. घरून फोन लावला की मोटार सुरू. रब्बीत एक शेतकरी भाऊ तो स्टार्टर पेटीतून काढून दुकानात घेऊन आले. आठवडाभर मोटार फोन उचलत नव्हती, मेकॅनिकनं कार्ड गेलं सांगून मोठा खर्च काढला होता. मी सिम काढून साध्या फोनमध्ये घातलं. रेंज पूर्ण, पण दुसऱ्या फोनवरून लावलं तर "या नंबरवर इनकमिंग सेवा उपलब्ध नाही". प्लॅन संपून गेला होता आणि संपल्याचा मेसेज स्टार्टरमध्येच येऊन पडला होता, वाचणार कोण? फक्त कॉलचा रिचार्ज मारला, सिम परत पेटीत घातलं, मोटार लागली.

तर स्टार्टरसाठी एवढं करा. त्याच्या सिमची शेवटची तारीख पेटीच्या झाकणाच्या आतून मार्करनं लिहा आणि मुलाच्या फोनमध्ये दोन दिवस आधीची आठवण लावा. फक्त कॉलचा लांबचा प्लॅन मारा. स्टार्टर मेसेजनं उत्तर देणारा असेल तर प्लॅनमध्ये मेसेज आहेत का तेही बघा, कॉलच्या या प्लॅनमध्ये ते असतात. आणि जुना टूजीचा स्टार्टर असेल तर त्यात जिओचं सिम चालणारच नाही, जिओकडे टूजी नाही. तिथे एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांपैकी ज्याची रेंज विहिरीपाशी येते ते घ्यावं लागेल. रेंज घरी नाही, विहिरीपाशी तपासा.

बॅलन्स आपोआप कटतो

प्लॅन चालू आहे, तरी टॉपअपचे दहा-वीस रुपये नाहीसे होतात. बहुतेक वेळा एखादी कॉलरट्यून, ज्योतिष किंवा क्रिकेटचा मेसेज अशी सेवा चालू झालेली असते. १५५२२३ हा सर्व कंपन्यांसाठी एकच नंबर आहे. त्यावर फोन लावून किंवा इंग्रजी अक्षरांत "स्टॉप" असा मेसेज करून अशी सेवा बंद करता येते. सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घेणं कंपनीला बंधनकारक आहे. तुम्ही दिली नसेल तर कापलेले पैसे परत मागा.

कशाचे कटले तेच कळत नसेल तर प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांचा तपशीलवार हिशोब मागता येतो, त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. हा हक्क फार कमी लोकांना ठाऊक आहे.

पैसे सिममधून न जाता बँकेतून जात असतील तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडा. एकदा "चालेल" म्हणून दाबलेलं मासिक रिचार्ज किंवा चित्रपटाच्या ॲपची हप्त्यावर हप्ता कापली जाणारी वर्गणी तिथे सापडते आणि तिथूनच बंद होते. काही पेमेंट ॲप रिचार्जवर एक ते तीन रुपये शुल्क लावतात. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर तीच रक्कम टाकून बघा, फरक लगेच दिसेल.

पोस्टपेडवाल्यांसाठी थोडक्यात: जाहिरातीतली रक्कम कराशिवायची असते. ४४९ च्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागून बिल ५२९ रुपये ८२ पैसे येतं. प्रीपेडच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो. दोघांची तुलना करताना हे विसरलं की पोस्टपेड उगाच स्वस्त वाटतं.

रिचार्ज थांबवला, आता नंबरच गेला

खर्च परवडत नाही म्हणून दुसरं सिम तसंच पडू देणं हा उपाय अनेक जण करतात. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली कुटुंबं घरातला एक फोन पाच-सहा महिने बंद ठेवतात. यात धोका मोठा आहे.

नियम असा आहे. सलग ९० दिवस त्या सिमवरून ना कॉल, ना मेसेज, ना नेट, असं झालं की कंपनी नंबर बंद करू शकते. पण ९० दिवस भरताना सिममध्ये निदान २० रुपये बॅलन्स असेल, तर त्यातून जास्तीत जास्त २० रुपये कापून आणखी ३० दिवस नंबर राखावा लागतो. नंबर बंद झाल्यावरही १५ दिवसांत ग्राहक सेवेकडे गेलात तर तो परत सुरू करून घेता येतो. त्यानंतर मात्र गेलाच, आणि पुढे काही महिन्यांनी तो दुसऱ्या कोणाला मिळतो.

आता विचार करा, तो नंबर आधारला, बँकेला, पीएम किसानला, पीक विम्याला, लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला जोडलेला आहे. ओटीपी त्याच नंबरवर येणार. नंबर गेला की आधार केंद्राची रांग आली, बँकेचे हेलपाटे आले, आणि तोवर हप्ता अडकला. म्हणून सिम निवडताना आधी हे बघा की कागदपत्रांना जोडलेला नंबर कोणता. तो काहीही करून जिवंत ठेवा. बंद करायचं असेल तर दुसरा बंद करा, आणि तोही कुठे जोडलेला नाही याची खात्री करूनच. आपल्या नावावर किती सिम आहेत हे संचार साथी संकेतस्थळावर दिसतं. तिथे ओळखीचं नसलेलं सिम निघालं तर तिथूनच कळवता येतं.

कंपनी बदलायची असेल तर

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला इंग्रजी कॅपिटल अक्षरांत "पोर्ट", मग एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. प्लॅन संपला असला तरी हा मेसेज जाऊ दिला पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा निर्देश आहे. "आधी रिचार्ज मारा, मग पोर्ट होईल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. पोस्टपेडचं बिल थकलेलं नसावं. हरवलेलं सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. आणि जुन्या सिममधले उरलेले दिवस व बॅलन्स बरोबर येत नाही, म्हणून प्लॅन संपत आल्यावरच पोर्ट करा. पोर्ट करण्याआधी शेजाऱ्याचं त्या कंपनीचं सिम घेऊन घरात, शेतात, शाळेपाशी एक-एक फोन लावून बघा. एवढं केलं तर परत फिरायची पाळी येत नाही.

तक्रार कशी करायची

पैसे चुकीचे कापले किंवा ठरलेले दिवस मिळाले नाहीत, तर १९८ वर फोन लावा. हा तक्रारीचा मोफत नंबर आहे. बोलणं झालं की तक्रार क्रमांक मागा आणि तो मिळेपर्यंत फोन ठेवू नका. क्रमांक नसेल तर तुम्ही तक्रार केलीच नाही असं धरलं जातं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ॲपवर किंवा ई-मेलवर अपील करता येतं. लिहिताना पाल्हाळ नको: नंबर, रिचार्जची तारीख आणि रक्कम, काय ठरलं होतं, काय मिळालं, तक्रार क्रमांक. रिचार्जच्या मेसेजचा फोटो जोडा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. आणि तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाइलच्या वादात ग्राहक आयोगाला अधिकार नाही असं कंपन्या पूर्वी म्हणायच्या. सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२२ ला तो मुद्दा फेटाळला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. परभणी, बीड, हिंगोली, धाराशिव, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी हा आयोग आहे. तिथे जाताना तक्रार क्रमांक, अपिलाचं उत्तर आणि रिचार्जच्या मेसेजच्या प्रती दोन-दोन घेऊन जा.